हद्दीपलीकडचं पेट्रोल

कोल्हापूर-कागलची माणसं पेट्रोल भरायला निपाणीकडं येतात. कर्नाटकात ते लिटरमागं थोडं स्वस्त पडतं, आणि तसे मोठमोठे फलक पंपवाल्यांनी चक्क मराठीतून लावलेत. भाषेच्या बाबतीत एवढी उदारता आमच्याकडं फक्त पंपावर दिसते. रविवारी दूधगंगेच्या पुलावरून दक्षिणेकडं गाड्यांची रांग लागते. त्या रांगेच्या उलट्या दिशेनं, महाग पेट्रोल भरायला उत्तरेकडं जाणारा एकच माणूस माझ्या माहितीत होता. त्याचं नाव नागोजी. आणि तो तसा जात होता त्याला कारण मी.

अठ्ठ्याण्णव साली मी निपाणीच्या एका कॉलेजात मराठीचा नवा प्राध्यापक होतो. सीमाप्रश्नावर चौकात सभा होती. प्रमुख वक्ते कोल्हापूरहून यायचे होते, ते येईपर्यंत पाच मिनिटं बोला म्हणून मला उभं केलं. वक्ते चाळीस मिनिटं आले नाहीत. माझा इतिहास पंधराव्या मिनिटाला संपला, भाषाशास्त्र पंचविसाव्या. पस्तिसाव्या मिनिटाला मी लोकांवरून नजर फिरवत होतो, आता काय बोलावं म्हणून, तेव्हा चौकापलीकडचा पेट्रोल पंप दिसला. मी म्हणालो, "हात वर करा! आजपासून कर्नाटकाच्या पंपावर एक थेंब पेट्रोल भरणार नाही!"

चारशे हात वर गेले. त्यातले साडेतीनशे सायकलवाल्यांचे होते.

तेवढ्यात वक्ते आले. उशिराचं कारण मला नंतर कळलं. हद्द ओलांडल्यावर पहिल्याच पंपावर त्यांनी टाकी फुल्ल करून घेतली होती आणि तिथं गर्दी होती.

मी स्वतः ती शपथ तिसऱ्या दिवशी मोडली. 'मोडली' म्हणणंही जरा मोठंच होईल. मला ती आठवलीच नव्हती. लुना कोरडी पडली, कॉलेजची वेळ झाली होती, मी समोरच्या पंपावर गेलो. सुटे पैसे परत देताना पंपवाला म्हणाला, "सर, परवाचं भाषण झकास झालं." तेव्हा आठवली.

नागोजी त्या सभेत दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून उभा होता. त्यानं हात वर केला तो केलाच.

पुढं त्यानं कॉलेज सोडलं आणि निपाणीबाहेर वडिलांच्या रानात रोपवाटिका काढली. आंब्याची कलमं बांधावीत तर नागोजीनं. कोय कलमाची पाचर तो अशी तासायचा की खालचं रोप आणि वरची काडी जणू एकमेकांची वाटच बघत होती. मग प्लास्टिकची पट्टी आवळायची, बोटाला बोट लागतंय न लागतंय असं. खानापूरपासून गोव्यापर्यंत त्याची कलमं जात.

शपथेचा अर्थ लावण्यात तो काटेकोर होता. रेशन कर्नाटकाचं खायचा, वीज कर्नाटकाची जाळायचा, धारवाडच्या गिऱ्हाइकाशी माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलायचा. शपथेत तेवढं पेट्रोल होतं, कारण माझ्या भाषणात वेळ तेवढाच उरला होता. आठवड्यातून एकदा मोटारसायकल घेऊन हद्दीपलीकडं जायचा, टाकी भरून यायचा. वाटेत भेटला की म्हणायचा, "सर, आपलं चाललंय हां."

मी मान हलवायचो. त्यातलं 'आपलं' दर वेळी बोचायचं. पण थोडंच.

सव्वीस वर्षं यानं कुणाचं काही बिघडलं नाही. मग त्यानं पिकअप घेतला.

गाडी जुनी, छोटी, मूळची गॅसवर चालणारी. सिलिंडरची मुदत संपली म्हणून आधीच्या मालकानं तो काढून टाकलेला. उरली ती पाच लिटरची पेट्रोलची टाकी, गॅस संपला तर पंप गाठण्यापुरती. पाच लिटरमध्ये हद्दीवरून निघालेली गाडी बेळगावात पोचण्याआधीच आचके देणार. दुसऱ्या कुणीही वाटेत संकेश्वरला भरलं असतं. नागोजीनं वीस-वीस लिटरचे दोन प्लास्टिकचे कॅन आणले. ते सीटपुढं पायाशी ठेवायचे, वाटेत गाडी थांबवून नरसाळ्यानं ओतायचं.

हे मला त्याच्या घरी कळलं. कढीपत्त्याचं रोप आणायला गेलो होतो. नागोजीची बायको शालूबाई ओसरीवर आली.

"सर, च्या घेतासा न्हवं? गॅसवर करू का चुलीवर? जरा इचार करून सांगा. दोन्हीला चाळीस लिटर पेट्रोल जवळच हाय."

कोपऱ्यात पोत्याखाली कॅन होते. अंगणभर वास होता.

"शालू, सरांसमोर काय ह्ये," नागोजी म्हणाला.

"सरांसमोरच बोलायचं. शपत त्यांनीच घातलीया."

नागोजी हसत रोप आणायला मागं गेला. शालूबाई खाली बसली. आवाज उतरवला.

"सर, तुमीच सोडवा त्यास्नी. एकदा म्हना, बास झालं, पुरं झालं. माझं ऐकत न्हाईत. परवा नरसाळं घसारलं, पँट भिजली, तसंच घरी आलं. इथं चूल पेटलेली. ह्यो मानूस एक दिस जळंल, सर."

"बघतो."

"बघतो न्हवं, सांगा. तुमी म्हटलं तर ऐकतील." मग जरा थांबून, "तुमी कुठं भरतासा?"

"माझं फिरणं फारसं नसतं," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं गरजेपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं आणि कप आणायला गेली.

खरं तर तिथंच सांगायला पाहिजे होतं. नागोजी रोप घेऊन आला, मुळाशी ओली माती बांधलेली, म्हणाला, "सर, ह्ये तुमच्यासाठनं आधीच काढून ठेवलंतं." अशा माणसाला, तू सव्वीस वर्षं उगीच गेलास, हे कसं सांगायचं? दोन मार्ग होते, सांगणं किंवा गप्प बसणं. मला तिसरा सुचला. शिकलेल्या माणसाला तिसरा नेहमी सुचतो.

मी म्हणालो, "नागोजी, कॅन बंद. गाडीला नीट मोठी टाकी बसवून घेऊ."

बेळगावात खासबागेत यल्लाप्पाचं गॅरेज आहे. आमच्या कॉलेजची जीप तिचं वय झाल्यावरही आठ वर्षं त्यानंच चालती ठेवली. यल्लाप्पा कन्नड माणूस, मराठी आमच्यासारखंच बोलतो, हिशेबाला कन्नड आणि शिव्यांना मराठी असा त्याचा नियम आहे. त्यानं गाडीखाली वाकून बघितलं, मग पायाशी ठेवलेले कॅन बघितले, आणि मराठीत बोलला.

"ह्ये कुणाचं डोस्कं?"

"आमचंच," नागोजी म्हणाला.

"पेट्रोल उन्हात तापतंय, कॅन फुगतोय. त्याची वाफ बसत्या खाली, तुमच्या पायात. एक ठिणगी, मुगीतु. संपलं." त्यानं कॅन स्वतः उचलून बाहेर सावलीत नेऊन ठेवले. "आणि कधी भरायचाच झाला कॅन, तर गाडीत ठेवून न्हाय. जमिनीवर ठेवून भरायचा. समजलं?"

मी सुरक्षिततेबद्दल दोन वाक्यं बोललो. ती त्यानं ऐकली नाहीत.

"लोक बॅरलला वेल्डिंग मारून टाकी म्हणून बसवत्यात. मी न्हाय करत. त्यात आधी वेल्डिंगवाला मरतोय, मग मालक. ह्याच गाडीचं पेट्रोल मॉडेल येतंय. त्याची कंपनीची टाकी घालू, सिलिंडरच्या रिकाम्या जागी. पट्टे त्याचे, रबर त्याचं, हवा जायची नळी त्याची. सायलेन्सरच्या मधी पत्रा. आधी आरटीओत अर्ज, मग काम."

अर्ज कन्नडमध्ये होता. नागोजीनं तो वळणदार कन्नडात भरला. शपथेत अर्ज नव्हता.

मंजुरी आली, टाकी आली, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काम झालं. मृगाच्या आधी कलमं गिऱ्हाइकाकडं पोचवायची म्हणून नागोजीची घाई होती. त्याच्याबरोबर मीही गेलो, कारण ही टाकी म्हणजे माझी कल्पना, आणि माझ्या बाकीच्या कल्पनांसारखी ती कागदावर राहिली नव्हती. काम देखणं झालं होतं. नव्या काळ्या टाकीला रबर लावलेले दोन पट्टे, जाड नळ्या, प्रत्येक जोडावर नवी पट्टी. नागोजी तिच्यावरून हात फिरवत राहिला, नव्या कलमावरून फिरवतो तसा.

"आता आठवड्यातनं एकदाच हद्दीवर, सर."

"आता टेस्टिंग," यल्लाप्पा म्हणाला. "कोपऱ्यावर पंप हाय, दोनशे पावलं. आधी दहा लिटर घालून आणा. अर्धा तास उभी करायची, खाली कागद टाकून बघायचं. मग परत जाऊन फुल्ल करायची, परत अर्धा तास माझ्यासमोर. टाकीच्या मानेचा जोड टाकी भरल्याशिवाय कळत न्हाय. मग गाडी तुमची."

नागोजी हललाच नाही.

"यल्लाप्पाण्णा, मी हितं भरत न्हाय."

"का? पंपवाला मापात मारत न्हाय. माझ्या ओळखीचा हाय."

"तसं न्हवं. मी कर्नाटकात भरत न्हाय."

यल्लाप्पानं चिंधीनं हात पुसले, एक एक बोट. "मग आत्ता तुमी कुठं उभं हाय?"

नागोजीनं त्याला शपथ सांगितली. सभा, चौक, चारशे हात. सांगताना माझ्याकडं बघत होता, मी कुठं चुकलं तर दुरुस्त करीन म्हणून. मी काही दुरुस्त केलं नाही. यल्लाप्पानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "असूं दे. तुमची भाषा, तुमचं प्रेम. पण टाकीला कन्नड-मराठी कळत न्हाय."

"शिनोळीला भरतो आन परत येतो. मग बघा," नागोजी म्हणाला. शिनोळी म्हणजे हिंडलग्यावरून सरळ गेलं की हद्दीपलीकडचं पहिलं गाव, महाराष्ट्र.

"भरल्यावर लगेच मी बघायला पाहिजे. वीस किलोमीटर हादरत आल्यावर न्हाय."

"मग कॅनमधनं आणतो शिनोळीचं."

"माझ्या दारात कॅन आणू नका म्हणून तर ह्ये सगळं केलं!" आता मात्र तो चिडला. "मी तुमच्यासंगं येतो शिनोळीला. पण आज न्हाय. पिटावर बस हाय, शाळेची. शुक्रवारी या."

"उद्या सकाळी खानापूरची दोनशे कलमं भरायचीत."

यल्लाप्पा माझ्याकडं वळला. "सर, तुमी सांगा की. तुमचंच पोरगं हाय, तुमचं ऐकतोय."

शालूबाईही हेच म्हणाली होती. आणि यावेळी अवघड काहीच नव्हतं. 'नागोजी, मी ती शपथ तिसऱ्या दिवशीच मोडली, निपाणीतच.' एवढंच वाक्य. ते मी त्यानंतर पुष्कळदा म्हणून बघितलंय. सावकाश म्हटलं तरी चार सेकंद लागतात. त्या वेळी माझ्या तोंडात ते आलंही होतं. नागोजी माझ्याकडं बघत होता. सव्वीस वर्षांत माझ्याकडं तसं बघणारा दुसरा विद्यार्थी मला मिळाला नव्हता.

मी म्हणालो, "यल्लाप्पा, काही गोष्टी तत्त्वाच्या असतात."

नागोजीचा चेहरा उजळला. यल्लाप्पानं माझ्याकडं एकदा बघितलं, आत गेला आणि आग विझवायचा छोटा लाल सिलिंडर घेऊन आला. तो ड्रायव्हरच्या दाराशी बसवला.

"पंपाची नळी एकदा टक्क झाली की बास, वर आणखी घालायचं न्हाय. वास आला की चावी बंद. दोघं खाली. पन्नास पावलं लांब जायचं आणि मला फोन. खाली हात घालायचा न्हाय. काय सांगितलं?"

"खाली हात घालायचा न्हाय," नागोजी म्हणाला.

चावी देताना यल्लाप्पानं ती क्षणभर धरून ठेवली होती. मग सोडली.

जुन्या टाकीतलं उरलेलं पेट्रोल नव्या टाकीत ओतलं होतं, त्यावर हिंडलगा मागं पडलं. बाची गावाच्या पुढं महाराष्ट्राचा फलक आला, तिथं नागोजीनं नेहमीप्रमाणे हॉर्न वाजवला. शिनोळीच्या पंपावरचा माणूस नंबरप्लेट बघून म्हणाला, "बेळगावची गाडी हिकडं कशी? तुमच्यात सोस्त हाय की."

"हितलं गोड लागतंय," नागोजी म्हणाला.

नळी टक्क झाली.

"घाल रं अजून. गळ्यापतोर घाल. एवढ्या लांबनं आलोय."

मी शेजारी बसलो होतो. यल्लाप्पानं काय सांगितलं होतं ते मला शब्दशः आठवत होतं. मी म्हणालो, "नागोजी, तो बास म्हणालाय." पण ज्या आवाजात म्हणालो त्या आवाजात वर्गात हजेरीसुद्धा होत नाही.

परत येताना बाची ओलांडली आणि वास आला. नागोजीनं गाडी कडेला घेतली, चावी बंद केली. दोघं उतरलो. मी सूचनेप्रमाणे चालायला लागलो, पावलं मोजत. तिसाव्या पावलाला कळलं की मागं चप्पल वाजत नाही. वळून बघितलं तर गाडीखालून नागोजीचे पाय बाहेर आलेले.

"सर, मानंपासनं गळतंय! पट्टी ढिली हाय, दोन आटं दिलं की झालं!"

"बाहेर ये! नागोजी, आधी बाहेर ये!"

"एवढ्या लांबनं आणलंय, सर! रस्त्यावर वतू द्याचं व्हय?"

सायलेन्सर तापलेला होता. आवाज मोठा झाला नाही; ओलं धोतर झटकल्यासारखा झाला. आणि गाडीच्या पोटाखाली पिवळं दिसलं.

मी धावलो, एवढं मात्र खरं. नागोजी लोळत बाहेर आला होता, दोन्ही हात मनगटापर्यंत पेटलेले, आणि ते तो रस्त्याकडेच्या मातीत खुपसत होता. मी दाराशी बसवलेला सिलिंडर ओढून काढला. तो कसा चालवायचा हे त्याच्यावर तीन भाषांत लिहिलं होतं. सवयीनं माझी नजर मराठी शोधत गेली. तिथं कन्नड होतं, हिंदी होतं, इंग्रजी होतं. मराठी नव्हतं. दोन-तीन सेकंद गेले असतील. सीमाभागात आम्ही फलकावर मराठी शोधण्यात पिढ्या घालवल्यात, तीन सेकंद म्हणजे काहीच नाहीत. मग मी इंग्रजी वाचून पिन ओढली आणि पांढरी भुकटी आधी त्याच्या हातांवर, मग गाडीखाली मारली.

गाडी वाचली. थोडा रंग गेला, एक नळी गेली.

बेळगावच्या दवाखान्यात नागोजी सव्वा महिना होता. जीव जाण्यासारखं नव्हतं, डॉक्टर पहिल्या दिवशीच म्हणाले. मग म्हणाले की कातडी येईल, पण आकसून येईल. बोटं पुरती मिटणार नाहीत, पुरती उघडणारही नाहीत. "काम काय करतात हे?" त्यांनी विचारलं. शालूबाईनं सांगितलं. डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं.

यल्लाप्पा तिसऱ्या दिवशी आला, केळी घेऊन. खाटेशी उभा राहून म्हणाला, "चूक माझी हाय. चावी द्यायला नको होती." या सगळ्यात चूक कबूल करणारा तो पहिला, आणि त्याचीच काही नव्हती. त्यानं सांगितल्यासारखं झालं असतं तर ती ढिली पट्टी त्याच्या कागदावर दोन थेंब गाळून उघडी पडली असती. पाना घेऊन त्यानं ती आवळली असती आणि आम्ही चहा प्यालो असतो.

मी रोज जात होतो. अकराव्या दिवशी शालूबाई औषधं आणायला खाली गेली. नागोजीचे हात पांढऱ्या गुंडाळ्यांत दोन उशांवर ठेवलेले होते.

"नागोजी, मी ती शपथ मोडली होती."

"कवा?"

"तिसऱ्या दिवशी."

"कंच्या तिसऱ्या दिवशी?"

"सभेच्या."

तो पंख्याकडं बघत होता. "म्हंजे अठ्ठ्याण्णवच्या."

"हो."

"आन मग?"

"मग भरतच आलो. निपाणीतच."

"बाकीची? ती चारशे?"

"मला माहीत नाही. कुणी पाळली असेल असं वाटत नाही."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कुणीतरी बिस्कीट चहात बुडवून भरवत होतं, ते त्यानं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे खासबागात भरलं असतं तर चाललं असतं."

"चाललं असतं."

"मग तुमी बोलला का न्हाई, सर?"

त्यानं ते खरोखर माहिती करून घ्यायला विचारलं होतं, वर्गात हात वर करून विचारतात तसं. चौकात चाळीस मिनिटं मी काहीही विषय नसताना बोललो होतो. इथं विषय होता.

"राहून गेलं," मी म्हणालो.

"पाणी द्या जरा," तो म्हणाला. मी ग्लास त्याच्या ओठांना लावला. त्याला तो धरता येत नव्हता. थोडं हनुवटीवरून सांडलं, तेही मीच पुसलं. तेवढ्यात शालूबाई आली. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. औषधं खाटेखालच्या पिशवीत ठेवली.

"सर, जावा तुमी. निपाणीची गाडी चुकंल."

त्यानंतर दवाखान्यात मी गेलो ते भेटीची वेळ संपता संपता, म्हणजे फार बसावं लागू नये.

त्या पावसाळ्यात नागोजीची कलमं बाजारात आली नाहीत. शालूबाईनं बांधायला सुरुवात केली. तो शेजारी बसून सांगायचा. मीही काही रविवार गेलो. मला पाचर तासता येत नाही. मी बांधलेली साठ कलमं एका रांगेत वेगळी ठेवली होती, त्यातली चार जगली. नागोजी म्हणाला, "सर, पट्टी आवळून बांधा. व्याख्यानागत सैल नको." शालूबाई हसली, मीही हसलो. तो हसला नाही. त्याच्या दोन्ही हातांची बोटं पाचर धरल्यासारखी अर्धी मिटून मांडीवर होती, आणि माझ्या हातातल्या काडीकडं बघताना ती जराशी हलत होती.

पुढं मी जाणं कमी केलं. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते. कारणं होती.

गेल्या महिन्यात निपाणीच्या पंपावर स्कूटर घेऊन रांगेत उभा होतो, तर पुढं तो पिकअप. मागं कलमं भरलेली, हिरवी, शालूबाईच्या हातची. गाडी शालूबाई चालवत होती. तिनं लायसन काढल्याचं ऐकलं होतं, बघितलं नव्हतं. ती खाली उतरली, टाकीचं झाकण काढलं आणि पंपवाल्याला काहीतरी सांगितलं. तिच्या दृष्टीनं तो एक पंप होता, जवळचा.

नागोजी डावीकडच्या सीटवर होता. पेट्रोल भरत होते तोवर त्यानं तोंड पलीकडं, तंबाखूच्या वखारीच्या भिंतीकडं केलं होतं. त्या भिंतीवर बघण्यासारखं काहीच नाही. नळी टक्क झाली, झाकण लागलं, तेव्हा त्यानं मान वळवली आणि आरशात मी त्याला दिसलो. स्कूटरसकट.

त्यानं हात खिडकीबाहेर काढला आणि वर केला. बोटं अर्धी मिटलेली. नमस्कार होता की नुसताच हात वर केला होता, मला सांगता येणार नाही. माझ्या एका हातात टाकीचं झाकण होतं आणि दुसऱ्यात हेल्मेट. कुठलं तरी एक खाली ठेवावं असं मनात आलं, तोवर पिकअप रस्त्याला लागला होता, बेळगावच्या दिशेनं.

"सर, झिरो बघा," पंपवाला म्हणाला.

मी झिरो बघितला.